चारशे मीटर, लाल

वेस्टेरोस, स्वीडन
४ नोव्हेंबर १९६३

प्रिय बाबा,

रेयोचा नमस्कार. तुम्ही उत्तर पाठवत नाही म्हणून मी लिहायचं थांबवीन असं वाटत असेल तर ते विसरा. इथे माझं बरं चाललंय. कारखान्यात आता मोठ्या लेथवर बसवलंय. शेजारच्या यंत्रावरचा माणूस आपल्याच देशातला, सावो भागातला आहे. त्यामुळे दिवसभर आपल्या भाषेत बोलता येतं, आणि मुकादमाला तोंडावर शिव्या घातल्या तरी तो बापडा हसून मान डोलावतो.

आता कामाचं. पालिकेच्या कोर्होनेनबाईंचं मला पत्र आलंय. त्या सप्टेंबरात तुमच्याकडे येऊन गेल्या म्हणे. तुम्ही त्यांची कॉफी कप भरल्यावरही ओततच राहिलात, ती टेबलावरून त्यांच्या स्कर्टवर गेली. तुमचे डोळे गेलेत असा त्यांना संशय आहे. तसं असेल तर तुम्हाला एकट्याला तळ्याकाठी ठेवता येणार नाही, वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे, मुलगा म्हणून माझं मत काय, असं विचारलंय.

मी सडेतोड उत्तर दिलंय. लिहिलं की माझे वडील हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर बसून, बर्फाला भोक पाडून मासे काढतात. ज्या दिवशी ते आपल्या पायांनी बर्फावर जाऊन मासे आणू शकणार नाहीत, त्या दिवशी मी स्वतः येऊन त्यांना आश्रमात पोचवीन, तोवर त्यांच्या घराला हात लावू नका. हा माझा शब्द आहे, त्यांनाही आणि तुम्हालाही.

तेव्हा बाबा, मासे पकडत राहा. इथे माशांच्या सामानाचं एक दुकान आहे, आत गेलं की बाहेर यावंसं वाटत नाही. नाताळची भेट म्हणून गळाला लावायचा नवा तंगूस पाठवतो. कसला हवा ते सांगा. आणि डोळे कसे आहेत ते स्वतःच्या हाताने लिहा.

तुमचा रेयो

हाउकिनिएमी
१६ नोव्हेंबर १९६३

रेयो,

बोलतोय तुझा बाप, लिहितेय शेजारची लेम्पी. लाकडं फोडताना माझं उजवं मनगट मुरगळलं, म्हणून तिला बसवलंय. दोन कप कॉफीवर सौदा ठरलाय. (आत्तापर्यंत एकच मिळालाय. लेम्पी.)

तुझं पत्र पोचलं. कॉफी सांडली हे खरं. ती बाई इतकी बडबडत होती की कप केव्हा भरला ते कळलंच नाही. डोळ्यांचं म्हणशील तर पलीकडच्या काठावर कावळा बसलाय, तो मला इथून कळतो. (कावळा ओरडत होता. लेम्पी.) तिला म्हटलं तुझं स्वतःचं काही लिहू नकोस, पण ती खुदकन हसली, म्हणजे लिहिलंच असणार.

तू कोर्होनेनबाईला दिलेला शब्द मला आवडला. मर्दासारखा बोललास. मासे मिळत राहतील, काळजी नको. तळ्याला कडेकडेने बर्फ धरलाय. आठवडाभरात पार आतपर्यंत माणूस पेलेल.

तंगूस निवडायचा तो ज्याच्या त्याच्या गरजेने. माझे आजोबा घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोर करत. घोड्याच्याच, घोडीच्या नाही. घोडी आपल्याच शेपटीवर मुतते आणि केस कुजतो. (हे मी लिहिणार नव्हते. लिही म्हणाला.) पांढऱ्या घोड्याचे केस माशाला दिसत नाहीत, काळ्याचे माणसाला दिसतात, आणि आजोबा म्हणायचे की आधी ठरवा, दोर कुणासाठी आहे.

मला चारशे मीटर हवाय. सलग, मध्ये गाठ नसलेला. जाड हवा, हातमोज्यातून कळेल इतका. गुळगुळीत नको, खरखरीत बघ. आणि लाल. मिळेल तितका लाल.

तुझा बाप, ताउनो

तुझे बाबा लाकडं आणायला बाहेर गेलेत, तेवढ्यात दोन ओळी माझ्या. त्यांनी माझी कपडे वाळत घालायची दोरी नेली होती. ती बर्फात गोठली आणि पहार लागून तुटली. माझ्या चादरी आता माळ्यावर वाळतायत. कशाला नेली ते मला विचारू नकोस, मी शब्द दिलाय. तू आपला लाल दोर पाठव. उगाच शहाणपणा करू नकोस. लेम्पी.

वेस्टेरोस
२८ नोव्हेंबर १९६३

प्रिय बाबा,

चारशे मीटर! जेवणाच्या सुट्टीत तुमचं पत्र मी सावोवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझे वडील तळ्याचा तळ फोडून खालचे मासे काढणार काय? बुडालेल्या खडकाजवळ पाणी किती खोल आहे ते मला पाठ आहे. तिथे तुम्हीच मला पहिला पट्टेवाला मासा काढायला शिकवलंत. दहा मीटर दोर पुरतो, वीस म्हणजे चैन झाली.

बाबा, रागावू नका, पण तुम्हीच शिकवलेलं तुम्ही विसरलात. जाड तंगूस थंडीत तारेसारखा ताठतो. रिळावरची वेटोळी सुटत नाहीत, गळ भोकात नीट उतरत नाही, आणि मासा टोचून गेला तरी बोटाला पत्ता लागत नाही. पीळ दिलेला खरखरीत दोर घ्यावा तर तो पाणी पितो आणि वर ओढला की काठी होतो. आणि लाल? बर्फाखालचं पाणी काचेसारखं असतं. पट्टेवाले काय आंधळे आहेत?

यापुढचं लेम्पीमावशींना वाचू देऊ नका. लाल दोर तुम्हाला हवाय की त्यांना? तुमच्या तोंडून स्वतःसाठी कपड्यांची नवी दोरी मागून घेताहेत असं मला स्पष्ट दिसतंय. चादरींचं रडगाणं त्यांनी उगाच नाही गायलं. त्यांना म्हणावं, फिरत्या दुकानाच्या गाडीवर दोरी मिळते. की त्यांचा डोळा तुमच्या स्वयंपाकघरावर आहे? तसं असेल तर माझी हरकत नाही, फक्त मला लग्नाला बोलवा.

मी दुकानात तासभर उभा राहून तुमच्यासाठी सगळ्यात बारीक, सगळ्यात स्वच्छ तंगूस निवडलाय. जर्मन आहे. केसाइतका बारीक, पण पाच किलोचा मासा पेलतो. दुकानदाराने पाण्याच्या ग्लासात धरून दाखवला आणि तो नाहीसाच झाला! लांबी मात्र तुमच्या मनासारखी. चारशे मीटर सलग, त्यासाठी मोठं रीळ मागवून घेतलं. आता दहा वर्षं दुसरा घ्यायला नको.

मनगटाला गरम तेल चोळा. ईस्टरला येतोच.

तुमचा रेयो

हाउकिनिएमी
१९ डिसेंबर १९६३

रेयो,

बोलतोय तुझा बाप, लिहितेय तीच.

पार्सल पोचलं. तुझं पत्र लेम्पीने वाचून दाखवलं, माझा चष्मा कुठे पडलाय देव जाणे. 'लेम्पीमावशींना वाचू देऊ नका' हेही तिने मोठ्याने वाचलं, त्याच्या पुढचं तर त्याहून मोठ्याने. आम्ही दोघं बराच वेळ हसलो. ती म्हणते माझं स्वयंपाकघर तिला फुकट दिलं तरी नको, तिथे गेल्या दोन वर्षांची राख आहे.

तंगूस चांगला आहे. मी तो बोटांत धरला, तर धरलाय की नाही तेच कळेना. मी विचारलं, लेम्पी, रंग कसा आहे? ती म्हणाली, रंगच नाही. खिडकीपाशी नेला, दिव्यापाशी नेला, तिलाही नीट दिसेना. म्हणजे माल उत्तम आहे. तू मन लावून निवडलास ते कळतं. मुलाने पाठवलाय, तेव्हा आता हाच वापरायचा.

पूर्वी नाताळच्या आधी तळ्यावरच्या वाटेला, वाट कळावी म्हणून, दोन्ही बाजूंनी फर झाडाच्या फांद्या रोवायचे, आठवतं? प्रत्येक घराचा तुकडा ठरलेला असायचा. पलीकडे रस्ता झाल्यापासून बर्फावरून कुणी जात नाही आणि फांद्याही कुणी रोवत नाही. मी माझ्यापुरत्या काठ्या रोवल्यात, होडीच्या धक्क्यापासून खडकापर्यंत.

परवा चांगले मासे मिळाले. लेम्पीने दुधातलं कालवण केलं. कोर्होनेनबाईला कळव.

तुझा बाप, ताउनो

तुझे बाबा निजलेत. रेयो, मी तुझ्यावर रागावले आहे. लग्नाच्या थट्टेवरून नाही. दोर माझ्या चादरींसाठी नव्हता. कुणासाठी आणि कशाला, ते मी सांगू शकत नाही. ताउनोने मला तुझ्या आईच्या फोटोवर हात ठेवायला लावलाय, आणि ती माझी मैत्रीण होती. मी त्याला म्हटलं, धक्क्यालाच भोक पाड, चार पावलांवर. तो म्हणतो धक्क्याशी बोटाएवढे मासे मिळतात, तेवढे कोर्होनेनबाईही पकडेल. मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर येते. तर म्हणाला, आपल्या पायांनी, असं मुलाने लिहिलंय, तुझ्या नाही. तू ईस्टरला येतो म्हणतोस. ईस्टरला नको, आत्ता ये. ये, आणि तो तुझ्या कपात कॉफी ओतताना त्याच्याकडे बघ. लेम्पी.

वेस्टेरोस
७ जानेवारी १९६४

प्रिय बाबा आणि लेम्पीमावशी,

तुमचं पत्र नाताळच्या गर्दीत अडकलं, कालच हाती आलं. मावशी, माझं चुकलं. थट्टा अंगाशी आली. माफीची कॉफी सोबत पाठवतोय, अख्खा किलो आहे आणि फक्त तुमची आहे. बाबांच्या कॉफी ओतण्यावर माझं लक्ष आहेच, त्यांनी मलाही लहानपणी बशीत भरभरून दिली आहे.

आत्ता येता येत नाही. मोठी मागणी आलीय, मार्चपर्यंत रजा बंद आहेत. ईस्टरला नक्की येतो, तिकिटाचं बोलून ठेवलंय.

तंगूस आवडला हे वाचून फार बरं वाटलं. सावोवाल्याला सांगितलं, बघ, म्हाताऱ्याला कळतं.

बाबा, तुमच्या त्या चारशे मीटरवरून एक जुनी गोष्ट मनात आली. मी सहा वर्षांचा असेन. पहिल्यांदा बर्फावर आलो होतो. तुम्ही माझ्या कमरेला एक दोर बांधला आणि त्याचं टोक स्वतःच्या मनगटाला. म्हणालात, हिंड हवं तिथे. बर्फ उडायला लागला, मला ना तुम्ही दिसत होता ना काठ. मी रडायच्या बेतात होतो, तेवढ्यात कमरेला हलकी ओढ लागली. मी त्या ओढीच्या मागे चालत आलो, तर तुम्ही खोक्यावर बसलेले, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. तुम्ही म्हणालात, डोळे मिटून घेतलेस तरी चाललं असतं. हे इतक्या वर्षांनी का आठवलं कोण जाणे.

तुमचा रेयो

हाउकिनिएमी
२० जानेवारी १९६४

रेयो,

बोलतोय तुझा बाप. लेम्पीने तुझं पत्र वाचलं आणि वाचता वाचता मध्येच चुलीकडे गेली. लाकूड घालायला गेले म्हणाली. लाकूड घातल्याचा आवाज काही आला नाही.

तो दोर नव्हता, तुझ्या आईने विणलेला पट्टा होता. ती सणाला कमरेला बांधायची तो, आणि तो पुरेना म्हणून पुढे मी जाळ्याचा दोर जोडला होता. त्या दिवशी मीही घाबरलो होतो. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. तू दिसेनासा झालास, पण दोरातून कळत होतं की तू आहेस. माशाचंही तसंच असतं. दिसायची काही गरज नसते.

इथे बर्फ खूप पडतोय. मासे बरे मिळतायत. कोर्होनेनबाई दारावरून गेली, मी टोपलीतले पट्टेवाले तिच्या नाकाशी धरले. ती आल्या वाटेने परत गेली.

आता लेम्पीच्या हातून लेखणी घेतोय. तू पहिल्याच पत्रात म्हणाला होतास ना, स्वतःच्या हाताने लिहा म्हणून.

रेयो पट्टा लाल होता ओढ कळायची तू मन लावून निवडलास मी इथे नीट आहे ईस्टरला येशील तेव्हा आपण दोघं खडका

वेस्टेरोस
२९ जानेवारी १९६४

लेम्पीमावशी,

हे पत्र तुम्हाला एकटीला आहे. या वेळी खरंच मोठ्याने वाचू नका.

बाबांच्या हातच्या त्या ओळी मी खिडकीशी धरून बसलोय. तुम्ही त्या पाहिल्याच असतील. मनगट दुखणाऱ्याचं अक्षर वाकडं येतं, इतकं मला कळतं. पण त्यांची दुसरी ओळ पहिल्या ओळीवरच लिहिलेली आहे. तिसरी त्या दोघींवर. मला ते वाचायला अर्धा तास लागला. आणि शेवटचा शब्द कागदाच्या कडेला अर्धा तुटलाय, उरलेला त्यांनी टेबलावरच लिहिला असणार.

मावशी, बाबांना दिसत नाही ना?

तुम्ही शब्द दिलाय, तेव्हा उत्तर देऊ नका. मी मूर्ख आहे. कॉफी, कावळा, चष्मा, तुमची दोरी, लाल, हातमोज्यातून कळेल असा. सगळं तुम्ही दोघांनी माझ्या हातात आणून ठेवलं होतं आणि मी तुम्हाला तंगूस कसा निवडावा ते शिकवत बसलो. त्यांना दोर मासे धरायला नको होता. घरी परत यायला हवा होता. आणि मी ग्लासात नाहीसा होणारा पाठवला!

आज अर्धा दिवस काम सोडून मी बंदरावरच्या बोटीच्या दुकानात गेलो. लाल दोर मिळाला, पीळ दिलेला, दुहेरी सुतळीएवढा जाड. डोळे मिटून, हातमोजा घालून बघितला. कळतो. चारशे मीटर सलग मोजून घेतला आणि आजच टपालात टाकला.

तो येईपर्यंत त्यांना बर्फावर जाऊ देऊ नका. काहीही सांगा, आजारी पडल्याचं सोंग करा. मी कोर्होनेनबाईंना दिलेला शब्द मागे घेतो. त्यांनी एकही मासा आणला नाही तरी ते आपल्या घरीच राहतील. कारखान्याची मागणी गेली खड्ड्यात, पगार हाती आला की मीच तिकडे राहायला येतो. हे त्यांना सांगा. म्हणजे मला कळलंय हे सांगू नका, त्यांना लाज वाटेल. फक्त मी येतोय एवढंच सांगा.

तार करणार होतो. पण तार गावच्या दुकानात येते, आणि दुकानात आली की संध्याकाळपर्यंत पालिकेत पोचते. त्यांनी हिवाळाभर जपलेलं मी दोन शब्दांत उघडं कसं करू? म्हणून पत्रच पाठवतोय.

रेयो

हाउकिनिएमी
८ मार्च १९६४

रेयो बाळा,

तू परत जाऊन तीन आठवडे झाले. मातीला आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, पाद्रीबुवा होते, कोर्होनेनबाई फुलं घेऊन आल्या होत्या. तू मला धक्क्यावर गाठून विचारलंस, कसं झालं. मी म्हणाले, वाऱ्यात वाट चुकला. ते खरं होतं, पण सगळं नव्हतं. घर भरलेलं असताना ते सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगते. सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही, आणि तुला तर नाहीच.

डोळ्यांचं तुला कळलंच होतं. काचबिंदू होता. डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की पुन्हा दिसणार नाही. शरद ऋतूपर्यंत त्याला गडद रंग थोडे कळायचे, आणि लाल. माझा लाल रुमाल तो दारातून ओळखायचा. माझी दोरी धक्क्यापासून थोड्याच अंतरापर्यंत पुरली, आणि ती तुटल्यावर त्याने तुला पत्र लिहायला मला बोलावलं. दुकानाच्या गाडीवर घे म्हटलं, तर म्हणाला, चारशे मीटर दोर घेतला की गाडीवाला विचारणार कशाला, आणि शुक्रवारी ती बाई दारात. आणि दुसरंही म्हणाला. म्हणाला, रेयोने पाठवलेला असला तर बरं.

तुझा तंगूस आम्ही दोघांनी मिळून बांधला. धक्क्याच्या खांबापासून काठीकाठीने खडकापर्यंत. तो हातमोज्यातून कळत नव्हता म्हणून ताउनो उजव्या हातातला मोजा काढून चालायचा. बोटं काळी पडायला लागली होती. मी ओरडायचे. तो म्हणायचा, उजवं मनगट मुरगळलंय असं तू लिहिलंच आहेस, मग बोटांचं काय एवढं.

त्या गुरुवारी सकाळी हवा स्वच्छ होती. दुपारनंतर वारा सुटला आणि बर्फ उडायला लागला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. दोर लाल असता तर मला खिडकीतून दिसला असता, आणि त्याला धरून येणारा माणूसही. मला फक्त पांढरं दिसत होतं. अंधार पडल्यावर मी त्याच्या घराकडे बघितलं, खिडकीत दिवा नव्हता. म्हणून मी घाबरले नाही. रेयो, मी तिथे नसले तर त्याच्या घरात दोन वर्षं दिवा लागत नव्हता. त्याला लागत नव्हता. मला वाटलं आला असेल, निजला असेल. मी अंथरुणात शिरले. हे मी पाद्रीबुवांनाही सांगितलेलं नाही.

पहाटे त्याच्या धुराड्यातून धूर निघेना तेव्हा मी धावले. वरच्या घरातल्या वायसानेनची मुलं घोडा घेऊन आली. तो खडकाच्या पलीकडे होता, मोकळ्या तळ्याच्या बाजूला, आपल्या खोक्यावर बसलेला. तंगूस एका काठीपाशी बर्फाच्या धारेवर घासून तुटला होता. त्याने हातात घेतला असेल आणि चालायला लागला असेल, आणि ओढ लागेना. मग तो ओढ लागेपर्यंत गोळा करत गेला. तंगूस येतच राहिला असणार, रेयो. इतका हलका तो, येताना काही वाटलंही नसेल.

उघड्या हातावर त्याने सगळा गुंडाळून घेतला होता, एकाशेजारी एक. मुलं सोडवायला लागली तर सरळ सुटला. एकही गुंता नव्हता. तू दिलेला होता ना, म्हणून खराब होऊ दिला नाही.

मी तुझ्यावर रागावले होते, ते लिहिलंच होतं. तू परत गेल्यावर आठवडाभर रागावलेलीच होते. मग मनात आलं, मी एक ओळ लिहिली असती, आंधळा आहे एवढीच, तर तुझ्या आईने फोटोतून माझं काय वाकडं केलं असतं? आपण तिघांनी एकमेकांना फार सांभाळलं. आता रागावण्यासारखं कुणी उरलेलं नाही. तू आहेस आणि मी आहे, बस.

तुझं ते पत्र मला शनिवारी मिळालं, तुला तार करून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू येतोयस हे ताउनोला सांगता आलं नाही. तरी मी त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेले आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने सांगून आले. कुणी बघितलं असतं तर वृद्धाश्रमातली खाट मला मिळाली असती.

पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं, ते या बुधवारी आलं. मी ते तीन दिवस उघडलं नाही. आज रविवार, चर्चला गेले नाही, उघडलं. लाल आहे. जाड, खरखरीत, सलग. त्याने सांगितलं होतं अगदी तसा. परत पाठवू की काय करू ते विचारायला लेखणी घेतली होती, पण आता विचारत नाही.

मी सकाळी तो काखेत मारून धक्क्यावर गेले. एक टोक खांबाला बांधलं आणि सोडत सोडत त्याच्या काठ्यांमधून खडकापर्यंत गेले. तिथे त्याचं भोक अजून कळतं, वरचा बर्फ जरा निळा आहे. बरोबर तिथवर पुरला. त्याने अंतर नीट मोजलं होतं.

मग मी हातमोजा घातला, डोळे मिटले आणि दोर हलकेच ओढला. चारशे मीटर लांबून खांबाने मला परत ओढलं. मी डोळे मिटूनच धक्क्यापर्यंत चालत आले, कुठे अडखळले नाही.

दोर चांगला आहे, रेयो. बरोबर निवडलास. ईस्टरपर्यंत तसाच बांधून ठेवते.

तुझी मावशी,
लेम्पी